वाचकांचे प्रश्न: पावसाळ्यातलं खत, गळा आवळलेली झाडं आणि खाडीतला चिखल

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं सोसायट्यांची आणि वस्तीतल्या गटांची आहेत. पाऊस तोंडावर आला की असे प्रश्न वाढतात. जागेअभावी काही पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: आमच्या सोसायटीत 60 घरं आहेत. विटांचे दोन हौद बांधून ओल्या कचऱ्याचं खत करायला लागलो. उन्हाळाभर सुरळीत चाललं, पण जुलैत असा वास सुटला की तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. ढिगात बोटभर अळ्या झाल्या. फिनेल मारलं, चुना टाकला, ताडपत्री बांधली, काही उपयोग नाही. कमिटी आता हौद बंद करा म्हणते.
— मुलुंड

उत्तर: फिनेल, चुना आणि ताडपत्री या तिन्ही उपायांनी त्रास वाढलाच असणार. फिनेलने कचरा कुजवणारे जिवाणू मरतात. चुन्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातं, म्हणजे वासही येतो आणि खतही निकस होतं. ढिगावर टेकलेली ताडपत्री हवा बंद करते, मग आत कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. पाऊस अडवायचाच आहे, पण तो छपराने. हौदाच्या काठापासून दोन-अडीच फूट वर पत्रा आणि चारही बाजूंनी दोन फूट पागोळी पुढे, इतकं हवंच. मुंबईचा पाऊस तिरका येतो, त्यामुळे काठाबरोबर कापलेलं छप्पर कामाचं नाही.

आता हिशेब बघा. घरामागे रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा धरला, तर 60 घरांचे 30 ते 45 किलो होतात. 3 बाय 3 बाय 3 फुटांचा जाळीदार विटांचा हौद एवढ्या कचऱ्याने, त्यात सुका पाला मिसळून, दहा-बारा दिवसांत भरतो. खत व्हायला मात्र 45 ते 60 दिवस लागतात. म्हणजे तुम्हाला पाच हौद हवेत आणि आहेत दोन. उन्हाळ्यात पाणी उडून ढीग लवकर बसतो, म्हणून दोनात भागलं. पावसाळ्यात भागत नाही, मग अर्धवट कुजलेल्या ढिगावरच नवा कचरा पडत राहतो.

सुका पाला ही तुमची खरी अडचण आहे. ओल्या कचऱ्यात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ढिगाला ओल हवी 50 ते 60 टक्के. मधला फरक सुक्या मालाने शोषायचा. घमेलंभर ओल्या कचऱ्याला घमेलंभर सुका पाला, पावसाळ्यात दीड घमेलं. मुठीत माल घट्ट दाबून पाहा: एखाद-दुसरा थेंब सुटला तर ठीक, धार लागली तर पाला कमी पडतोय, मूठ उघडताच माल भुरभुरला तर थोडं पाणी शिंपडा.

हा पाला जुलैत शोधायला निघालात तर मिळणार नाही. मुंबईत पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. रोज 8 किलो धरले तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना जवळजवळ एक टन पाला लागतो. गोणपाटात दाबून भरला तरी शंभराच्या वर पोती होतात आणि एवढी जागा कुठल्याच सोसायटीत नसते. म्हणून निम्मा पाला आणि निम्मं दुसरं काहीतरी, असं करा. 5 किलोच्या कोकोपीटच्या विटा मिळतात. त्या पाण्यात न भिजवता कोरड्याच फोडून वापरायच्या. भिजवल्यात तर शोषायचं काम संपलं. लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो, पण प्लायवूड किंवा एमडीएफ कापताना पडलेला नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. खोक्यांचा पुठ्ठाही फाडून टाकता येतो, चिकटपट्टी काढून.

हौदाच्या तळाशी नारळाच्या शेंड्यांचा सहा इंच थर द्या आणि झिरपणारं काळं पाणी वाहून जाईल एवढा उतार ठेवा. प्रत्येक थरावर दोन मुठी जुनं खत पसरा. बाजारातलं महागडं कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, आणि हे जुनं खत यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही. आठवड्यातून एकदा माल खालीवर करा. ढीग नीट चालत असेल तर दोन-तीन दिवसांत मधोमध 55 ते 65 अंश तापतो, लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढली की हाताला चटका बसतो. सळई गारच निघाली तर हवा नाही किंवा ओल जास्त आहे.

त्या जाड, करड्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असण्याची शक्यता जास्त. त्या चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. मोठी माशी अन्नावर बसत नाही. लोकांना किळस येते हे खरं, म्हणून वर दोन इंच पाल्याचा थर कायम ठेवा, अळ्या दिसणारच नाहीत.

नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी आणि मक्याची कणसं वेगळी काढा. निर्माल्य टाकण्याआधी हारातला दोरा आणि जरीची तार उपसून घ्या, गणपतीनंतर हे काम रोजच्या माणसाला एकट्याला झेपत नाही. तयार झालेलं खत ओलसर करून पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर वापरा, आंबूस आला तर अजून पंधरा दिवस थांबा. कच्चं खत कुंडीत गेलं की मुळं जळतात आणि दोष ‘कचऱ्याच्या खता’ला येतो.

आणि हौद सांभाळणाऱ्या माणसाला या कामाचे वेगळे पैसे द्या. हाउसकीपिंगच्या पगारातच हेही उरकून घ्यायचं, असं जिथे ठरतं तिथे ढीग कोणी हलवत नाही.

प्रश्न: फुटपाथ नवे झाले तेव्हा आमच्या गल्लीतल्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आलं. काही झाडं कललीत. आम्ही रहिवासी मिळून काँक्रीट फोडू शकतो का? पावसाआधी फांद्या छाटाव्यात का?
— विलेपार्ले

उत्तर: रस्त्यावरचं झाड पालिकेचं, म्हणून आधी वॉर्डातल्या उद्यान खात्याला पत्र द्या. सोबत प्रत्येक झाडाचा फोटो आणि जवळच्या इमारतीचा किंवा खांबाचा क्रमांक. ‘गल्लीतली सर्व झाडं’ असं मोघम पत्र फायलीत पडून राहतं. सोसायटीच्या आवारातल्या झाडाची जबाबदारी तुमची, पण तिथेही 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यामुळे छाटणीला परवानगी लागते.

काँक्रीट फोडताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका. हादऱ्याने वरची बारीक मुळं तुटतात, आणि पाणी तीच ओढत असतात. छिन्नी-हातोड्याने बुंध्याकडून बाहेर या आणि चारही बाजूंना निदान तीन फूट जागा मोकळी करा. मनगटाएवढं मूळ मध्ये आलं तर ते तोडायचं नाही, आळ्याचा आकार बदलायचा. मग तीन-चार इंच खोल माती हलकी करून शेणखत किंवा सोसायटीचं खत मिसळा आणि वर सुक्या पाल्याचा थर द्या. हा थर बुंध्याला टेकू नये, वीतभर जागा उघडी ठेवा. हौसेने पार बांधून आत फूटभर माती भरायची पद्धत मुंबईभर दिसते. दबलेल्या जागी साल कुजते, आणि मग एका वादळात हिरवंगार झाड मुळासकट आडवं होतं.

कललेलं प्रत्येक झाड धोक्याचं नसतं. कित्येक झाडं उजेडाकडे झुकून वर्षानुवर्षं तशीच उभी असतात. कलाच्या उलट बाजूला जमिनीत नवी भेग पडली असेल, माती उचलली गेली असेल, बुंध्यापाशी फळीसारखी कडक अळंबी आली असेल किंवा खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर थांबू नका, 1916 वर कळवा. गुलमोहर आणि पिवळा गुलमोहर यांच्याकडे आधी बघा, त्यांचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ.

छाटणीत सर्वांत घातक गोष्ट म्हणजे शेंडा उडवून नुसते खुंट ठेवणं. त्या खुंटांवर केसांसारखे फुटवे येतात, त्यांची पकड सालीपुरतीच असते, आणि दोन-तीन वर्षांत तेच तुटून पडतात. एका वेळी पर्णसंभाराचा पाव भागाहून जास्त काढायचा नाही, आणि जड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी खाली आली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. पहिला काप चुकवला की फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. ठेकेदाराची माणसं काम करत असतील तेव्हा गटातल्या एकाने तिथे उभं राहावं. मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी असतात, तीही आधी बघून घ्या.

खिळे काढायचे असतील तर चिमट्याने सरळ ओढा, पिळू नका. सणासुदीच्या दिव्यांच्या माळांची तार बुंध्यात रुतलेली असेल तर ती कापून जेवढी सुटते तेवढीच काढा.

प्रश्न: कॉलेजच्या गटाने दहिसरच्या खाडीकाठी कांदळवनाची 500 रोपं लावायचं ठरवलं आहे. कुठली रोपं घ्यावीत?
— बोरिवली

उत्तर: रोपं घेऊ नका. भरतीचं पाणी जिथे मोकळं येतं-जातं तिथे तिवर, म्हणजे कांदळवनातलं नेहमीचं झाड, आपोआप उगवतो. त्याची फळं पाण्यावर तरंगत येतात आणि चिखलात रुजतात. झाड येत नसेल तर पाणी कुठेतरी अडलंय किंवा चिखलावर प्लास्टिकचा थर बसलाय. राडारोड्याच्या भरावाने नाळा बुजला असेल, तर 500 काय, 5000 लावलीत तरी वर्षात वाळतील.

त्यापेक्षा सफाई करा. त्यासाठीही वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्या. वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवायची, रविवारच्या सोयीने नाही. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी फिरलं की बाहेर या. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे या रविवारची वेळ पुढच्या रविवारी चालणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप आत येतं आणि भराभर चढतं, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. जागेची माहिती कोळीवाड्यातल्या मंडळींना विचारा, कुठे कंबरभर रुतायला होतं हे त्यांना पाठ असतं.

चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोकं दिसतात ना, ती तिवराची श्वासमुळं. पन्नास जण पसरून चालले तर एका सकाळीत शेकडो मोडतात. म्हणून दहा-बारा जणच आत, एकामागोमाग एका वाटेने, आणि बाकीच्यांनी काठावर साखळी करून पोती बाहेर द्यायची. मुळांना गुंडाळलेली पिशवी ओढायची नाही, कात्रीने कापायची. पोतं अर्धंच भरा, चिखलाचा कचरा भलताच जड असतो. भरलेली पोती त्याच दिवशी गाडीत चढली पाहिजेत, काठावर राहिली तर रात्रीची भरती ती परत नेते. म्हणजे गाडीची तारीख आधी, माणसांची नंतर.

राडारोडा टाकणारे डंपर दिसले तर स्वतः अडवायला जाऊ नका. फोटो, वेळ आणि गाडीचा नंबर वन विभागाच्या 1926 वर द्या. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवन तोडायला राज्यभर बंदी आहे आणि त्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम किंवा भराव चालत नाही.

प्रश्न: आमच्या गटाने गेल्या जूनमध्ये 40 झाडं लावली. फोटोला साठ माणसं होती. मेपर्यंत 11 झाडं उरली. लोक टिकत नाहीत, काय करावं?
— घाटकोपर

उत्तर: तुमच्याच घाटकोपरच्या जोशी लेनमधून 1990 च्या दशकात एएलएमची, म्हणजे गल्लीच्या रहिवाशांनी पालिकेबरोबर काम करण्याची, सुरुवात झाली. तिथे आधी गल्ली आली, मग काम. तुम्ही उलटं केलंत.

40 झाडं हा आकडाच मोठा. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत प्रत्येक रोपाला पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा 10 ते 15 लिटर पाणी लागतं. म्हणजे आठवड्याला जवळपास हजार लिटर, आणि तेही मे महिन्यात अर्धी गल्ली गावाला गेलेली असताना. या वर्षी उरलेली 11 जगवा आणि फार तर चार नवी लावा. ती बहावा, तामण किंवा करंज अशी असू द्या, अरुंद फुटपाथवर वड-पिंपळ नकोत. रोप सहा फुटांचं, खड्डा अडीच-तीन फूट, आणि आधाराच्या बांबूला काथ्याने सैल आठाच्या आकारात बांधलेलं. प्रत्येक झाड समोरच्या एका दुकानाला किंवा घराला नावानिशी द्या. पान टपरीवाला रोज तिथे असतो, तुमचा अध्यक्ष नसतो.

प्रश्न: चाळीच्या गॅलरीत कुंड्या ठेवून फुलपाखरं येतील का?
— गिरगाव

उत्तर: येतील, पण फुलांपेक्षा अळ्यांच्या खाद्यावर जास्त. कढीपत्ता आणि लिंबू यांवर कॉमन मॉर्मन अंडी घालतं, पानफुटीवर रेड पियरो, रुईवर प्लेन टायगर. बारा इंची कुंडी पुरे. मधासाठी एक्झोरा किंवा पेंटास ठेवा. पानं कुरतडलेली दिसली की फवारणी करायची नाही, त्याचसाठी झाड लावलंय. शेजाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी मदत म्हणून अळ्या झाडून टाकतं. कुंडीखालच्या ताटल्या मात्र दर आठवड्याला कोरड्या करा, त्यात डेंग्यूचे डास होतात.