हॅमट्रॅमकचे 'गोरे' कोण? जात, वर्ण, वंश की मूळ

प्रश्न थोडक्यात असा आलाय. अमेरिकेत मिशिगन राज्यात हॅमट्रॅमक म्हणून एक छोटं शहर आहे, त्याच्यावर मराठीत माहिती लिहायचीय. इंग्रजी मजकुरात तिथल्या 'रेशल मेकअप'बद्दल, म्हणजे कुठल्या रेसचे, वंशाचे, किती लोक याबद्दल, एक वाक्य आहे: २०१० च्या जनगणनेत साधारण ५४ टक्के व्हाइट, १९ टक्के आफ्रिकन अमेरिकन, साडेएकवीस टक्के एशियन, बाकी किरकोळ, आणि शेवटी 'कुठल्याही रेसचे हिस्पॅनिक किंवा लॅटिनो दीड टक्का' (म्हणजे मूळचे स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी देशांतले). अनुवादाच्या अ‍ॅपने याचं एकदा 'जातीय रचना' केलं आणि एकदा चक्क 'वांशिक मेकअप'. तर योग्य शब्द कुठला, आणि बेरीज शंभराच्या वर का जाते?

आधी 'जातीय' खोडून टाका. जुन्या मराठीत जात म्हणजे नुसता प्रकार, आंब्याची जात, माणसाची जात, तेवढाच अर्थ असता तर चाललंही असतं. पण आज 'जातीय रचना' वाचलं की आपला माणूस तिथे मराठा किती, माळी किती हेच शोधणार, आणि 'जातीय दंगल' म्हटलं की पेपरवाल्यांना हिंदू-मुसलमान म्हणायचं असतं, म्हणजे हा शब्द आधीच दोन ठिकाणी कामाला आहे, तिसरं काम त्याला कशाला द्यायचं. शिवाय जात म्हणजे वंश नव्हे. ब्रिटिश काळात जनगणना अधिकारी रिस्लेसाहेब लोकांची नाकं मोजून जातीचा वंशाशी संबंध लावत होते, पण बाबासाहेबांनी १९३६ मध्येच त्याला उत्तर दिलंय, की पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांचा वंश एक नाही, उलट पंजाबचा ब्राह्मण आणि तिथलाच अस्पृश्य मानलेला माणूस हे मात्र एकाच वंशाचे. त्यामुळे रेसला जात म्हणायची चूक निदान मराठीत तरी कुणी करू नये.

मग 'वर्ण' घ्यावा का? वर्णद्वेष, वर्णभेद, कृष्णवर्णीय हे शब्द रुळलेत, दक्षिण आफ्रिकेबद्दल लिहिताना आपण दुसरं काही लिहितच नाही. पण वर्ण म्हणजे एकतर चातुर्वर्ण्य नाहीतर कातडीचा रंग, आणि रंगाच्या बाबतीत मराठी भलतीच बारीक आहे, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, लग्नाच्या जाहिराती वाचा म्हणजे कळेल. हॅमट्रॅमकमध्ये इथेच गाडी अडते. त्या ५४ टक्के 'व्हाइट'मध्ये कोण कोण आहे बघा. एक म्हणजे पोलिश. १९१० च्या सुमाराला तिथे डॉज बंधूंचा मोटारींचा कारखाना आला आणि पोलंडहून कामगारांची रीघ लागली, १९३० मध्ये दोन चौरस मैलांच्या त्या गावात ५६ हजार माणसं राहत होती (गाव डेट्रॉइटच्या पोटातच आहे, जवळजवळ चारी बाजूंनी डेट्रॉइट), १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मुद्दाम तिथे येऊन गेले ते या पोलिश वस्तीमुळेच. दुसरे बोस्नियन, १९९० च्या दशकातल्या युद्धामुळे आलेले. आणि तिसरे येमेनी. हो, येमेनी अरब पण जनगणनेत 'व्हाइट'! कारण अमेरिकन सरकारची तेव्हाची व्याख्याच अशी होती, की युरोप, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका इथल्या मूळ लोकांचे वंशज ते व्हाइट. २०२० च्या फॉर्मवर तर व्हाइटच्या चौकटीखाली जर्मन, आयरिश यांच्याच रांगेत उदाहरण म्हणून लेबनीज आणि इजिप्शियन छापलेत.

आता तुम्ही मराठीत '५४ टक्के गोरे' लिहिलंत की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय येणार? सोनेरी केसांचं, रविवारी चर्चला जाणारं गाव. आणि प्रत्यक्षात २००४ पासून तिथे मशिदीच्या भोंग्यावरून अजान होते, २०१५ च्या निवडणुकीत नगर परिषदेत मुस्लिम सदस्यांचं बहुमत आलं, २०२१ च्या निवडणुकीनंतर तर सगळी परिषदच मुस्लिम झाली आणि येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब महापौर झाले, त्याआधी १९२२ पासून एकजात पोलिश वंशाचे महापौर. 'एशियन' म्हणजे तरी कोण, तर चिनी-जपानी नव्हेत, बहुतेक बांगलादेशी. तिथल्या कॉनंट रस्त्याच्या एका भागाला बांगलादेश अव्हेन्यू असंच नाव दिलंय. म्हणजे आकडा बरोबर, शब्द बरोबर, आणि तयार होणारं चित्र साफ चुकीचं. म्हणून म्हणतो, या वाक्यात 'गोरे' किंवा 'गौरवर्णीय' लिहूच नका, सरळ 'व्हाइट' लिहा आणि कंसात जनगणनेची व्याख्या द्या. तो रंग नाहीये, फॉर्मवरची चौकट आहे.

आणि ही चौकट किती सरकते ते आपल्याच लोकांवरून कळतं. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत 'हिंदू' ही एक रेस होती! कॅलिफोर्नियातला शीख शेतकरीसुद्धा कागदावर हिंदू. पंजाबहून तिकडे गेलेल्या भगतसिंग थिंड यांचं म्हणणं होतं की मी व्हाइट आहे, मला नागरिकत्व द्या; खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. मग १९७० ला जनगणनेने भारतीयांना व्हाइटमध्ये धरलं आणि १९८० ला 'एशियन इंडियन' अशी वेगळी चौकट आली. म्हणजे साठच्या दशकात पुण्याहून तिकडे गेलेले एखादे इंजिनिअर काका १९७० ला व्हाइट होते आणि दहा वर्षांनी एशियन, मधल्या काळात त्यांच्यात बदललं असलंच तर थोडं टक्कल पडलं असेल.

आता वंश. मराठीत वंश म्हणजे मुळात कूळ, घराणं. सूर्यवंश, वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश हो म्हणून दिलेली शिवी. रेस हा अर्थ मागाहून चिकटला, मानववंशशास्त्र वगैरे शब्दांतून आणि शाळेच्या भूगोलातून. पण गंमत अशी की 'वांशिक' हे विशेषण वर्तमानपत्रांनी रेसपेक्षा एथ्निक (म्हणजे भाषा, संस्कृती, मूळ यांवरून ओळखला जाणारा समाज) या अर्थानेच जास्त वापरलंय. श्रीलंकेतला वांशिक संघर्ष, बोस्नियातला वांशिक संहार, २०२३ पासूनचा मणिपूरमधला वांशिक हिंसाचार, यात कुठेही काळं-गोरं नाही, भाषा, धर्म, टोळी, जमीन यांचा मामला आहे. आणि काळ्या-गोऱ्याचा विषय निघाला की तेच पेपर 'वर्ण'वर येतात. त्यामुळे 'वांशिक रचना' असं नुसतं लिहिलं तर रेस की एथ्निसिटी हे वाचकाला कळत नाही, आणि तुमच्या वाक्यात नेमका तोच फरक हवाय.

बेरजेचं उत्तरही तिथेच आहे. अमेरिकेच्या जनगणनेत २०२० पर्यंत दोन वेगळे प्रश्न होते: तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो मूळचे आहात का, हा एक, आणि तुमची रेस कोणती, हा दुसरा. मेक्सिकोहून आलेला माणूस पहिल्याला हो म्हणणार आणि दुसऱ्यात व्हाइट, ब्लॅक, अमेरिकन इंडियन (म्हणजे तिकडचे मूलनिवासी, आपण नव्हे), जे काय असेल ते निवडणार. म्हणजे ते दीड टक्का लोक आधीच्या शंभरात एकदा मोजून झालेत, त्यांना त्याच रांगेत शेवटी जोडलं की १०१.५ होणारच, गावातल्या लोकांची धर्माप्रमाणे बेरीज करून त्यात वर चष्मेवाले मिळवल्यासारखं. 'कुठल्याही रेसचे' हे शब्द म्हणून तिथे आहेत आणि अनुवादात हमखास तेच गळतात. (२०२४ मध्ये सरकारने नियम बदललाय, यापुढे दोन्ही मिळून एकच प्रश्न आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेला स्वतंत्र चौकट, म्हणजे तो नियम टिकला तर हॅमट्रॅमकचे 'व्हाइट' पुढच्या वेळी बरेच खाली येतील, एकही माणूस गाव सोडून न जाता.)

तर माझं मत सांगतो. रेसला नाम म्हणून 'वंश' ठेवा, पण विशेषण म्हणून 'वांशिक' टाळून 'वंशनिहाय' वापरा. जातनिहाय जनगणना, जिल्हानिहाय आकडेवारी हे सगळ्यांच्या तोंडात आहे, त्यामुळे 'वंशनिहाय लोकसंख्या' म्हटलं की हे कुठल्या तरी तक्त्यातले रकाने आहेत हे आपोआप कळतं, आणि 'रचना', 'जडणघडण' असलं काही लागतच नाही. एथ्निसिटीला मात्र 'मूळ' इतका चांगला दुसरा शब्द नाही. मूळचे पोलिश, येमेनी मूळ, लॅटिनो मूळ. आपण कोणालाही पहिल्या भेटीत विचारतोच की, मूळचे कुठले तुम्ही? काहीजण 'वांशिकता' सुचवतील, तो मला तरी फॉर्म भरून घेणाऱ्या कारकुनाचा शब्द वाटतो, बोलताना कोणी म्हणत नाही.

वाक्य मग साधारण असं होईल: '२०१० च्या जनगणनेनुसार शहराच्या वंशनिहाय लोकसंख्येत सुमारे ५४ टक्के व्हाइट (यात पोलिश व बोस्नियन मूळच्या लोकांबरोबर येमेनी अरबही येतात), १९ टक्के आफ्रिकी-अमेरिकी आणि साडेएकवीस टक्के आशियाई, मुख्यतः बांगलादेशी होते. लॅटिनो मूळच्या लोकांची नोंद वंशापासून वेगळी झाली होती, ते दीड टक्का होते.' लांब झालंय, पण मूळ वाक्य आखूड आहे ते अमेरिकन वाचकाला चौकटी पाठ असतात म्हणून.

एक राहिलंच, 'टू ऑर मोअर रेसेस'. २००० च्या जनगणनेपासून एकाहून जास्त चौकटींवर खूण करता येते, त्यांचा हा रकाना. याला 'मिश्रवंशीय' ठीक आहे किंवा सरळ 'दोन किंवा अधिक वंश नोंदवलेले', पण 'संकरित' नको, एका ठिकाणी खरंच वाचलंय. संकरित ज्वारी असते, गाय असते.