डेंग्यूचा ताप उतरल्यावर दर तासाला बीपी कशासाठी?

प्रश्न : मी जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. आजारांची लक्षणे पाठ होतात, परंतु ती एकमेकांशी जोडता येत नाहीत. वॉर्डात डेंग्यूच्या एका रुग्णाचा ताप उतरला, तेव्हा नातेवाईक निश्चिंत झाले. सिस्टरांनी मात्र त्याच वेळी दर तासाला बीपी आणि नाडी पाहण्यास सांगितले. याचे कारण काय, आणि हा विषय अभ्यासावा कसा?

उत्तर : लक्षणांची यादी बाजूला ठेवून त्याच रुग्णाचा चार्ट घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘हे का झाले?’ एवढेच लिहा. डेंग्यूत खरा धोका तापाचा नसून गळतीचा असतो. साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि त्याच सुमारास केशवाहिन्यांच्या अस्तरातून प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बाहेर झिरपू लागतो. ही अवस्था २४ ते ४८ तास टिकते. झिरपलेला द्रव फुप्फुसांभोवती आणि पोटात साठतो, म्हणून धाप लागते व पोट फुगते. लाल पेशी मात्र रक्तवाहिन्यांतच राहतात. त्यामुळे हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे टक्केवारीतील प्रमाण) ३६ वरून ४३ वर गेला, तर रक्त वाढले असे नव्हे, ते आटले आहे. (हिमोग्लोबिनही सोबत वाढते, आणि नातेवाईकांना ती सुधारणा वाटते.)

रक्ताचे आकारमान घटले की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातून कमी रक्त बाहेर पडते. शरीर नाडीचा वेग वाढवते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते आणि खालचा दाब चढतो. ११०/७० असलेले बीपी १०४/८६ झाले, तर वरचा आकडा पाहून कोणीही घाबरणार नाही, पण दोन्हींतील फरक १८ उरला आहे, आणि २० किंवा त्याहून कमी फरक हा शॉकचा, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याचा, इशारा असतो. तो दिसताच डॉक्टरांना कळवायचे असते. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, बेचैनी किंवा सुस्ती यांकडेही याच नजरेने पाहावे.

प्लेटलेट्सच्या आकड्याभोवती आपल्याकडे फार गाजावाजा होतो. तो आकडा महत्त्वाचा आहे, पण गळती किती झाली हे त्यावरून मोजता येत नाही, आणि रक्तस्राव नसताना केवळ तो घसरला म्हणून प्लेटलेट्स देण्याची शिफारस सहसा केली जात नाही. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात, कारण ती प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात आणि जठराच्या अस्तरालाही इजा करतात.

गळती थांबल्यावर बाहेर गेलेला द्रव रक्तात परततो. त्या वेळी सलाईन पूर्वीच्याच वेगाने चालू राहिले, तर फुप्फुसांत पाणी साठू शकते. म्हणून इनटेक-आउटपुटची (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची) नोंद बरे होण्याच्या काळातही तितक्याच काटेकोरपणे ठेवावी लागते. हे मांडता आले की पुढे मधुमेहातील कीटोॲसिडोसिस (इन्सुलिनच्या अभावी रक्तात आम्ल साठणे) घ्या आणि इन्सुलिन सुरू केल्यावर रक्तातील पोटॅशियम का घसरते, या प्रश्नापासून सुरुवात करा.