आतड्याच्या तुकड्याचा (बायोप्सीचा) अहवाल ‘क्षय किंवा क्रोन्स’ असा दुहेरी का येतो, आणि पुढे काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या 24 वर्षांच्या भावाला काही महिन्यांपासून पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखते, अधूनमधून जुलाब होतात आणि वजन उतरत चालले आहे. कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) लहान आतड्याच्या टोकाशी व्रण दिसले आणि तुकड्याच्या अहवालात ‘ग्रॅन्युलोमा आढळले, क्षय अथवा क्रोन्स, इतर तपासण्यांशी ताडून पाहावे’ एवढेच आले. त्यावरून धंतोलीतील एक डॉक्टर टीबीची औषधे सुरू करू म्हणतात, तर रामदासपेठेतील दुसरे आयबीडी (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) असल्याचे सांगतात. अहवाल लिहिणाऱ्याने अंग काढून घेतले का, असा तुमच्या प्रश्नाचा रोख आहे. मी नागपुरातच पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि असे अहवाल स्वतः लिहिते, म्हणून त्या बाजूने उत्तर देते. औषध कोणते आणि किती, हा निर्णय अर्थातच रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

आयबीडीमध्ये मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो बहुधा गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तरापुरताच राहतो, त्यामुळे रक्त व आव पडणे हे त्याचे ठळक लक्षण असते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधला भाग निरोगी सोडून पुढे पुन्हा दिसतो आणि आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी व्यापू शकतो; म्हणून त्यात आतडे अरुंद होणे, पू साठणे, भगंदर होणे हे प्रकार घडतात. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यातील जिवाणूंविरुद्ध गरजेपेक्षा जास्त आणि न थांबता लढत राहते. त्यामागे काही वाटा अनुवंशाचा आणि काही परिसराचा असतो. एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही. आयबीएस (दाह नसताना आतड्याचे काम बिघडणे) हा निराळा त्रास आहे, त्यात व्रण नसतात, रक्त पडत नाही आणि वजनही घटत नाही. तरीही टेन्शनमुळे पोट बिघडले असे समजून आयबीडीचे कित्येक रुग्ण महिनोन् महिने आयबीएसच्याच गोळ्या घेत राहतात, आणि रक्त पडू लागले की मूळव्याध समजून आणखी काही महिने जातात. तरुण माणसाचे भगंदर ऑपरेशन करूनही पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर आतडे तपासल्याशिवाय पुढचे ऑपरेशन करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता तुकड्याविषयी. ‘तुकडा काढायला सांगितला म्हणजे कॅन्सरच’ ही समजूत आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असते. इथे तसे काही नाही. कोलोनोस्कोपीच्या चिमट्याने काढलेला तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात अस्तर व फार तर त्याखालचा थोडासा थर येतो. क्रोन्स भिंतीच्या पूर्ण जाडीत असला तरी माझ्या हाती वरचा पापुद्राच लागतो. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढले आणि रंगवले, की सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा दिसतात, म्हणजे लांबट फिकट पेशींचे गोलसर पुंजके, कधी मध्ये अनेक केंद्रके असलेली एखादी महाकाय पेशी. क्षयाचे पुंजके साधारणपणे मोठे, संख्येने जास्त आणि एकमेकांत मिसळलेले असतात, आणि मधोमध पेशी मरून गुलाबी, कणीदार, पनीरच्या चुऱ्यासारखा भाग तयार झालेला असतो. क्रोन्समधले पुंजके लहान, विरळ, सुटेसुटे असतात आणि त्यांच्या मध्यभागी असा मृत भाग नसतो. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मध्यभागी मेलेला भाग क्षयाच्याही पुष्कळ तुकड्यांत सापडत नाही, क्रोन्सच्या पुष्कळ तुकड्यांत ग्रॅन्युलोमाच नसतो, आणि क्षयाचे जंतू लाल काड्यांसारखे दाखवणारा खास रंग आतड्याच्या तुकड्यात बहुतेक वेळा कोराच येतो. अशा स्थितीत एकच नाव ठोकून देणारा अहवाल तुम्हाला जास्त समाधान देईल, पण तो जास्त खरा असेलच असे नाही. ‘ताडून पाहावे’ म्हणजे तुकड्याला जेवढे सांगता येते तेवढे सांगितले, बाकीचा पुरावा इतरत्र शोधायचा आहे.

हा गोंधळ जुना आहे. ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅलझिल यांनी 1913 मध्ये आतड्याच्या अशा दाहाचे वर्णन केले होते आणि तो क्षयाहून वेगळा असावा असे सुचवले होते. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी 14 रुग्णांची माहिती देऊन हा आजार स्वतंत्रपणे मांडला. तिकडे पुढे क्षय कमी झाल्याने प्रश्न बराचसा मागे पडला. आपल्याकडे दोन्ही आजार एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर सापडतात.

तो बाकीचा पुरावा कुठे शोधायचा? संध्याकाळचा ताप, रात्री घाम, पोटात पाणी, छातीच्या एक्स-रेत जुना किंवा नवा डाग, सीटी स्कॅनमध्ये मध्यभागी मेलेल्या मोठ्या गाठी, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप उघडीच राहणे आणि आडवे व्रण हे क्षयाच्या बाजूने झुकतात. दीर्घकाळ जुलाब, रक्त पडणे, उभे लांबट व्रण, मध्ये निरोगी पट्टे सोडून असलेला विकार, भगंदर, तोंडात वारंवार येणारे व्रण, सांधेदुखी आणि डोळे लाल होणे हे क्रोन्सच्या बाजूने. एकट्या खुणेवर निर्णय होत नाही, तीन-चार खुणा एका बाजूला पडल्या की डॉक्टरांचा हात स्थिर होतो. क्षयाचा संसर्ग शोधणाऱ्या मॅन्टू (त्वचेवरच्या) किंवा टीबी गोल्ड (रक्ताच्या) तपासणीवर मात्र विसंबू नये, कारण आपल्याकडे निरोगी माणसांतही सुप्त संसर्ग पुष्कळ आहे. विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारे प्रथिन) 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असेल तर आयबीडीची शक्यता बरीच घटते, पण ते क्षयातही वाढते, त्यामुळे तुमच्या भावाच्या प्रश्नाचा निकाल त्याने लागणार नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगते, कारण ती हुकल्याने हातचा पुरावा जातो. तपासणीसाठी तुकडे साधारणपणे फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. पेशी टिकवायला ते योग्यच आहे. पण फॉर्मलिनमध्ये क्षयाचे जंतू मरतात, म्हणून कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) निराळे तुकडे काढून साध्या सलाइनमध्ये पाठवावे लागतात, आणि जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या जीन एक्सपर्टसाठीही तसाच ताजा तुकडा हवा. जीन एक्सपर्टचे यंत्र दोनेक तासांत निकाल देते आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतील का हेही सांगते. कल्चरला काही आठवडे लागतात. निकाल होकारार्थी आला तर क्षय मानायला हरकत नाही, नकारार्थी आला म्हणून क्षय नाही असे मात्र ठरत नाही. तुमच्या भावाचे तुकडे फक्त फॉर्मलिनमध्ये गेले असतील, तर पुन्हा कोलोनोस्कोपी करायची वेळ आल्यास हे आधीच बोलून घ्या.

इतके करूनही निर्णय अधांतरी राहिला तर बऱ्याच ठिकाणी आधी क्षयाची औषधे देऊन पाहतात. हा अंदाधुंद प्रयोग नव्हे, पण त्याला एक अट आहे: साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का ते पाहायचे. क्षय असेल तर तोवर व्रण बहुधा भरू लागलेले दिसतात. नुसते ‘आता बरे वाटते’ यावर समाधान मानता येत नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांवर काही काळ बरे वाटू शकते. गोंदिया-गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या रुग्णांची ही दुसरी कोलोनोस्कोपी खर्च आणि अंतर यांमुळे राहून जाते. सहा महिन्यांचा कोर्स तसाच पूर्ण होतो, आणि आजार क्रोन्स असला तर तोवर आतडे अरुंद व्हायला लागलेले असते. उलटी चूक त्याहून वाईट: क्षयावर स्टिरॉइड दिले तर जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून निदान ठरेपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका. कोलायटिसच्या संशयितातही आधी विष्ठेत अमीबा नाही याची खात्री करतात, ती याच कारणाने.

निदान क्रोन्सचे ठरले, तर उपचार लांबचा असतो. प्रेडनिसोलोन किंवा ब्युडेसोनाइड ही स्टिरॉइडे दाह पटकन खाली आणतात, पण ती काही आठवड्यांत उतरवून थांबवायची असतात. आलेला आराम टिकून राहण्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन देतात. तिचा परिणाम यायला दोन-तीन महिने लागतात आणि सुरुवातीला वारंवार रक्त तपासावे लागते, कारण काहींच्या पांढऱ्या पेशी अचानक घसरतात. एनयूडीटी15 या जनुकातील जो बदल याला कारणीभूत असतो तो भारतीयांत पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो. डोक्याचे केस झपाट्याने गळू लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आजार जोरकस असेल, विशेषतः भगंदर असेल, तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडॅलिम्युमॅब ही इंजेक्शने लागतात. ती सुप्त क्षयाला जागे करू शकतात, म्हणून आधी क्षयाची तपासणी पुन्हा होते. अ‍ॅडॅलिम्युमॅब घरी ठेवायचे असल्यास 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. आपल्याकडचा मे महिना आणि जाणारी वीज लक्षात घेऊन बर्फाच्या डब्याची सोय आधीच करून ठेवावी. मेसालामिन या दाह कमी करणाऱ्या गोळीचा अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठा आधार आहे, लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये तिचा उपयोग फारसा नाही.

आहाराबद्दल सगळेच विचारतात. सावजी रश्शाने किंवा तर्री पोह्यांनी हा आजार होत नाही. आजार उफाळलेला असताना तिखट आणि तेल सोसत नाही, एवढेच खरे. आतडे अरुंद झाले असेल तर मात्र चोथ्याचे पदार्थ अडकू शकतात: संत्र्याच्या फोडींवरचा पापुद्रा, मक्याचे दाणे, कच्ची काकडी. त्याऐवजी गाळलेला रस, मऊ वरण-भात, अंडी चालतात. वजन घटणाऱ्या मुलाला उपासावर ठेवू नका. लोह, ब12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ब12 लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते आणि तुमच्या भावाचे व्रण तिथेच आहेत. सिगारेट ओढत असेल तर ती सोडावी, क्रोन्स तिने बिघडतो. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटामॉल घ्यावे.

सध्यापुरते असे करा. आधीच्या प्रयोगशाळेकडून काचेच्या स्लाइडी आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. मागितल्यावर ते मिळतात आणि पुन्हा पाहण्यासाठी वापरता येतात. कोलोनोस्कोपीचे फोटो, सीटीचे रिपोर्ट आणि हे सगळे घेऊन एकाच गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिस्टकडे जा. नागपुरातील मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हा विभाग आहे. दोन डॉक्टरांच्या मतांत हेलपाटे घालण्यापेक्षा त्यांना स्पष्ट विचारा की क्षयाची औषधे सुरू केली तर पुढची कोलोनोस्कोपी कोणत्या तारखेला, आणि ती तारीख फाइलवर लिहून घ्या. दरम्यान पोट फुगले, सतत उलट्या होऊ लागल्या आणि वायू सरणेही थांबले, तर आतड्यात अडथळा आला असे समजून त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या, ओपीडीच्या नंबरची वाट पाहू नका.