ऑनलाइन खरेदीत बिलापेक्षा जास्त पैसे कापले गेले, कंपनी दाद देत नाही. काय करू?

तुमचं बिल १,२४९ रुपयांचं, खात्यातून गेले १,५४९, आणि चॅटवर रोज एकच उत्तर: 'प्रक्रिया सुरू आहे.' तीनशेच रुपये आहेत म्हणून सोडून देऊ नका, एवढं कळकळीनं सांगते.

मी डिचोलीची. गेल्या वर्षी चवथीच्या तोंडावर मिक्सर मागवला. खोक्याला चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात बिल होतं २,८९९ चं, बँकेचा मेसेज ३,३९८ चा. घरात पातोळ्यांचे तांदूळ भिजत घातलेले, तेव्हा कोण बघतंय! चवथ आटोपल्यावर लक्षात आलं. ४९९ रुपये जादा वॉरंटीचे लावले होते. मी ती मागितलीच नव्हती.

मी आधी धावले बँकेत, आणि तिथे आठ दिवस फुकट गेले. शेवटी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अगो, ओटीपी तू घातलास, व्यवहार पुरा झाला. दुकानदाराला धर." खरंच होतं ते. म्हणून आधी चूक कोणाची ते ओळखा. पैसे कापले गेले पण ऑर्डरच पडली नाही, तर बँकेकडे जा. यूपीआयनं भरले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमची ऑर्डर मात्र पडलीय, रक्कम चुकलीय. तुमचं भांडण विक्रेत्याशी.

चॅट सोडा. साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल द्यावाच लागतो, सहसा अगदी तळाशी सापडतो. त्याला चार ओळी लिहा: ऑर्डर क्रमांक, बिलाची रक्कम, कापलेली रक्कम, फरक. सोबत बिल आणि बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवाडा द्यायला ते बांधील आहेत. मी त्याच पत्रात लिहिलं की ग्राहकानं न मागितलेली वस्तू टोपलीत घालायला २०२३ पासून मनाई आहे. तिसऱ्या दिवशी 'तांत्रिक चूक झाली' असं उत्तर आलं आणि आठवड्यात ४९९ जमा झाले.

नाहीच ऐकलं तर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, फुकट आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणि कृपा करून गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन लावू नका. आमच्या शेजारच्या काकांनी तसाच लावला होता. पलीकडच्यानं रिफंडसाठी म्हणून यूपीआय पिन घालायला सांगितला, आणि होते तेही गेले. पैसे मिळायला पिन लागत नाही.