वाचकांचे प्रश्न: क्वेरी नेमकी कुठे अडते?

क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गोष्ट दिसली. मशीन संथ झालं की लगेच रॅम वाढवायचा किंवा नवा सर्व्हर घ्यायचा विषय निघतो. आम्ही उत्तरांत आधी मोजायला सांगितलं आहे, खर्चाचं त्यानंतर बघू. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच करा.

प्रश्न (सावदा): केळी खरेदीच्या काटापावत्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत, साधारण १८ लाख रेकॉर्ड. संध्याकाळी १४ गावांचा दिवसाचा गोषवारा काढायला ४० सेकंदांच्या वर लागतात. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी लवकर शोधायची क्रमवार सूची) लावलेला आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, नवा सर्व्हर घ्या. घ्यावा का? क्वेरी सोबत जोडली आहे.

उत्तर: अजून घेऊ नका. एका गावाची क्वेरी उचला, तिच्यापुढे एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालते तो प्लॅन दाखवणारी आज्ञा) लावा, सोबत अ‍ॅनालाइझ आणि बफर्स हे दोन्ही पर्याय द्या आणि चालवा. अ‍ॅनालाइझ दिलं की क्वेरी खरोखर चालते. तुमची सिलेक्ट आहे म्हणून धोका नाही, पण अपडेट किंवा डिलीट तपासायची असेल तर आधी बिगिन आणि नंतर रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) विसरू नका.

तुमच्या क्वेरीत डेट फंक्शनमध्ये काटा_वेळ घालून ते आजच्या तारखेशी ताडलं आहे. सगळा घोळ इथे आहे. इंडेक्समध्ये काटा_वेळ रचून ठेवलेली आहे, डेट फंक्शनमधून निघालेली तारीख नाही. त्यामुळे पोस्टग्रेसला प्रत्येक रेकॉर्ड उचलून, त्याची तारीख काढून ताडून बघावं लागतं. प्लॅनमध्ये ‘सीक स्कॅन’ दिसेल आणि त्याखाली ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’ ही ओळ (इथे ‘रोज’ म्हणजे रेकॉर्ड). एका गावाच्या दिवसभराच्या ९७ पावत्या असतील आणि टेबलात नेमके १८ लाख रेकॉर्ड असतील, तर त्या ओळीत १७,९९,९०३ येईल. म्हणजे इतके रेकॉर्ड वाचले आणि टाकून दिले. ‘पॅरलल सीक स्कॅन’ आणि ‘लूप्स ३’ असं दिसलं तर छापलेला आकडा एका प्रक्रियेची सरासरी असतो, त्याला ३ ने गुणा. मग ‘बफर्स’ची ओळ बघा. एक पान ८ केबीचं. हिट (मेमरीत सापडलेली) आणि रीड (बाहेरून वाचलेली) मिळून ५०,००० पानं आली तर ९७ पावत्यांसाठी जवळपास ४०० एमबी चाळली गेली. आणि तुमचा रिपोर्ट हीच क्वेरी १४ गावांसाठी १४ वेळा मारतो. एकीला ३ सेकंद धरा, ४२ झाले.

आता दुरुस्ती. अट अशी लिहा: काटा_वेळ आजच्या ००:०० ला किंवा त्यानंतर, आणि उद्याच्या ००:०० च्या आधी. इथे बिटवीन वापरू नका. त्यात वरची हद्दही धरली जाते, त्यामुळे बरोबर मध्यरात्रीची पावती दोन्ही दिवसांत मोजली जाते. डेट फंक्शनवरच इंडेक्स लावायचं काही जण सुचवतील. कॉलम ‘टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन’ असेल तर पोस्टग्रेस तो इंडेक्स बनवूच देत नाही, कारण तारीख कुठली हे टाइमझोनवर ठरतं आणि इंडेक्समधलं फंक्शन इम्म्युटेबल, म्हणजे तेच दिलं की कायम तेच उत्तर देणारं, असावं लागतं.

दुसरं, १४ क्वेऱ्यांची एक करा: दिवसाची हद्द घालून गावावर ग्रुप बाय, म्हणजे गावनिहाय गोषवारा. एवढ्यासाठी तुमचा सध्याचा वेळेचा इंडेक्स पुरेसा आहे, नवा लागणार नाही. एकाच गावाचा महिना-दोन महिन्यांचा उतारा वारंवार काढत असाल तरच दोन कॉलमचा इंडेक्स लावा, आणि त्यात गाव आधी, वेळ नंतर. खतावणीत आधी गावाचं पान उघडतो आणि त्या पानावर नोंदी तारखेप्रमाणे असतात, तसंच हे. क्रम उलटा लावला तर त्या दोन महिन्यांतल्या सगळ्या गावांच्या नोंदी चाळाव्या लागतात.

इंडेक्स चालू दिवसात लावायचा असेल तर ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’. साध्या क्रिएट इंडेक्सने तो बनून होईपर्यंत नवी पावती घालता येत नाही आणि काट्यावर ट्रॅक्टर खोळंबतात. कन्करंटली मात्र बिगिन-कमिटच्या आत चालत नाही, जास्त वेळ घेतं, आणि मध्येच फसलं तर अर्धवट इंडेक्स ‘इनव्हॅलिड’ अशा खुणेसह मागे राहतो. तो वाचनाच्या कामाचा नसतो, पण प्रत्येक नव्या पावतीला त्याचा भार पडू शकतो. तो ड्रॉप करा आणि पुन्हा बनवा.

एवढं करूनही प्लॅनमधला अंदाजाचा ‘रोज’ आणि प्रत्यक्षातला ‘रोज’ यांत शंभरपट फरक दिसला तर त्या टेबलावर अ‍ॅनालाइझ ही स्वतंत्र आज्ञा चालवा. प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, जुन्या आकडेवारीवर निर्णय घेतो आहे.

प्रश्न (धुळे): पतसंस्थेचं मायएसक्यूएल. मोबाइल नंबरवरून सभासद शोधायला वेळ लागतो. कॉलमवर इंडेक्स आहे.

उत्तर: कॉलम व्हारकॅर आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय, असं असणार. मजकुराचा कॉलम आकड्याशी ताडायचा म्हटला की मायएसक्यूएल दोन्हींची संख्या करून ताडतं. ‘१’, ‘०१’ आणि ‘ १’ हे तिन्ही मजकूर संख्या म्हणून एकच, त्यामुळे मजकुराच्या क्रमाने रचलेला इंडेक्स वापरता येत नाही. एक्स्प्लेनमध्ये ‘टाइप’खाली ‘ऑल’ दिसेल. नंबर अवतरणचिन्हांत द्या, ‘रेफ’ दिसायला लागेल. नंबर इंटिजर कॉलममध्ये हलवू नका, पुढचे शून्य गळतात. आणि पतसंस्था आहे म्हणून लगेच हेही तपासा: रक्कम आणि व्याजाचे कॉलम फ्लोट किंवा डबल असतील तर ते डेसिमल करा. ०.१ हा आकडा फ्लोटमध्ये तंतोतंत बसत नाही, त्यामुळे खतावणीत पैशा-दोन पैशांचा फरक निघत राहतो.

प्रश्न (भुसावळ): पोस्टग्रेसमध्ये ‘कुऱ्हे’ गाव शोधलं की निम्मेच ग्राहक निघतात. बाकीच्यांच्या नोंदीतही स्क्रीनवर तंतोतंत तेच नाव दिसतं. इंडेक्स खराब झाला का?

उत्तर: इंडेक्स ठीक आहे, अक्षरं वेगळी आहेत. मराठीतला हा ऱ्ह तीन प्रकारांनी टाइप होतो. काही की-बोर्ड ऱ हे एकच अक्षर टाकतात आणि मग हलन्त. काही साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त टाकतात. जुन्या सवयीचे टायपिस्ट र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना तिन्ही सारखे, डेटाबेसला तीन वेगळी गावं.

खात्री करायला कॅर_लेंग्थ काढा. पहिल्या प्रकारात ‘कुऱ्हे’ची लांबी ६ येते, बाकी दोन्हींत ७. यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून ऑक्टेट_लेंग्थ १८ किंवा २१ दिसेल. नुक्त्याचा प्रकार नॉर्मलाइझ फंक्शनने, एनएफसी पर्याय देऊन, पहिल्या प्रकारात येतो. हे फंक्शन पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून आहे. जोडचिन्हाचा प्रकार त्याने सुटत नाही. तिथे रिप्लेस वापरून ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. आधी बॅकअप घ्या. मग जुन्या नोंदी सुधारा, आणि तेच शुद्धीकरण नवी नोंद घालताना आणि शोधताना, दोन्ही ठिकाणी लावा. एकाच बाजूला लावलं तर गोंधळ तसाच राहील.

खरा उपाय मात्र याच्या पुढचा आहे. गावाचं नाव प्रत्येक ग्राहकाच्या नोंदीत लिहूच नका. गावांचं वेगळं टेबल करा आणि ग्राहकाच्या नोंदीत फक्त गावाचा क्रमांक ठेवा. नाव एकदाच टाइप होतं आणि एकाच जागी सुधारता येतं. कऱ्हाड, गिऱ्हाईक, शेतकऱ्याचे हे सगळे शब्द याच रांगेत आहेत, त्यामुळे हा त्रास फक्त गावांच्या नावांपुरता राहत नाही.

प्रश्न (धरणगाव): जिनिंगच्या ६० लाख नोंदींपैकी मागच्या हंगामांच्या ३५ लाख डिलीट केल्या, तरी डिस्कवर जागा तेवढीच आणि रिपोर्टही तितकेच हळू. पोस्टग्रेस आहे. व्हॅक्यूम फुल मारू का?

उत्तर: हंगाम चालू असेल तर दिवसा मुळीच नको. ती आज्ञा पूर्ण टेबलाला कुलूप लावते, साधी सिलेक्टही थांबते. शिवाय ती टेबलाची नवी प्रत लिहून मग जुनी सोडते, म्हणून तेवढी रिकामी जागा डिस्कवर आधी लागते. डिस्क भरत आली म्हणून ती मारणारे इथेच अडकतात.

आधी काय झालंय ते बघू. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेला रेकॉर्ड जागेवरच मृत म्हणून पडून राहतो. साधा व्हॅक्यूम ती जागा नव्या नोंदींसाठी मोकळी करतो, पण फाइल लहान होते ती शेवटची पानं पूर्ण रिकामी असतील तरच. ऑटोव्हॅक्यूम जागा होतो तो ५० अधिक टेबलाच्या २० टक्के मृत रेकॉर्ड झाल्यावर. ६० लाखांच्या टेबलात तो आकडा १२,००,०५० होतो. एवढ्या मोठ्या टेबलासाठी ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर ०.२ वरून ०.०२ करा. ही सेटिंग एकट्या टेबलापुरती ऑल्टर टेबलने लागते.

मग पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये एन_डेड_टप आणि लास्ट_ऑटोव्हॅक्यूम बघा. व्हॅक्यूम नुकताच झाला आणि मृतांचा आकडा तरी लाखांतच, तर कोणीतरी जुना ट्रान्झॅक्शन (बिगिनपासून कमिटपर्यंतचं एक काम) उघडा ठेवला आहे. व्हॅक्यूम व्हर्बोस चालवला तर मृत आहेत पण अजून काढता येत नाहीत, अशा रेकॉर्डची संख्या तो सांगतो. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी एक्सअ‍ॅक्ट_स्टार्टच्या क्रमाने लावा. सकाळी नोंद घातली, कमिट न होता स्क्रीन तशीच उघडी राहिली, असं एखादं कनेक्शन ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून सगळ्यात वर दिसेल. ते सुटेपर्यंत त्यानंतर मेलेला एकही रेकॉर्ड निघत नाही, टेबल कुठलंही असो. पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने ते तोडा आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ १० मिनिटं ठेवा. पण कमिट कुठे राहतं ते सॉफ्टवेअरवाल्याकडून दुरुस्त करून घ्याच, नाहीतर टाइमआउटने रोज कुणाची तरी नोंद बुडेल. सोडून दिलेला रेप्लिकेशन स्लॉटही (दुसऱ्या सर्व्हरकडे बदल पाठवायची राखीव नोंद) अशीच सफाई अडवू शकतो.

पुढच्या वर्षासाठी टेबलाचे हंगामवार पार्टिशन (वेगळे तुकडे) करा, ऑक्टोबर ते सप्टेंबर. जुना हंगाम काढायचा तर ते पार्टिशन डिटॅच करून त्याचा बॅकअप घ्या आणि ड्रॉप करा. काही क्षणांत जागा मोकळी, मृत रेकॉर्डचा प्रश्नच नाही.

प्रश्न (जळगाव): सॉर्ट डिस्कवर जात होतं म्हणून वर्क_मेम (सॉर्टसारख्या कामासाठीची मेमरी) २५६ एमबी केलं. आता ८ जीबीचा सर्व्हर दुपारी मधूनच पडतो.

उत्तर: वर्क_मेम संपूर्ण सर्व्हरसाठी नसतं, एका क्वेरीसाठीही नसतं. प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला ते वेगळं मिळतं. ४० कनेक्शन, प्रत्येकात दोन सॉर्ट, म्हणजे २० जीबीपर्यंत मजल. १५ व्या आवृत्तीपासून हॅशला त्याच्या दुप्पट मिळतं. मुळातलं ४ एमबी थोडं वाढवून ८ किंवा १६ ठेवा, आणि ज्या रिपोर्टच्या प्लॅनमध्ये ‘एक्स्टर्नल मर्ज डिस्क’ दिसतं त्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच सेट लोकलने वाढवा. शेअर्ड_बफर्स (टेबलाची पानं ठेवायची सामायिक मेमरी) रॅमच्या पाव भागावर, म्हणजे २ जीबी ठीक. डिस्क एसएसडी असेल तर रँडम_पेज_कॉस्ट ४ वरून १.१ करा, ४ हा आकडा फिरत्या डिस्कच्या हिशेबाचा आहे आणि त्यामुळे प्लॅनर इंडेक्स टाळतो.

प्रश्न (नंदुरबार): मिरचीच्या व्यवहाराचा पोस्टग्रेस डेटा रोज संध्याकाळी पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करतो. लाइट फार जाते. एफसिंक (नोंद डिस्कवर पक्की लिहिल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद केलं तर वेग वाढतो असं वाचलं. करू का?

उत्तर: एफसिंक बंद करू नका. लाइट गेली तर शेवटच्या नोंदी जातील एवढंच नाही, पूर्ण डेटाबेस न दुरुस्त होण्याइतका बिघडू शकतो. वेग हवाच असेल तर ‘सिंक्रोनस_कमिट’ ऑफ करा. मूळ सेटिंगमध्ये त्याने फार तर शेवटच्या ०.६ सेकंदातले कमिट जातात, डेटाबेस सुसंगतच राहतो. पैशांच्या पावत्यांना मात्र आम्ही तेही सुचवणार नाही, यूपीएस घ्या.

फोल्डरची कॉपी सर्व्हर चालू असताना घेत असाल तर तो बॅकअप धरू नका. कॉपी होता होता फाइली बदलत असतात, पहिली फाइल संध्याकाळी सहाची आणि शेवटची सहा वाजून दहाची. त्याऐवजी पीजी_डंप कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या. तो सुरू झाला त्या क्षणाचं एकसंध चित्र देतो आणि काम थांबत नाही. यूजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑलला ‘ग्लोबल्स ओन्ली’ देऊन वेगळी फाइल घ्या. स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड तपासा. डिस्क भरली तर अर्धवट फाइलही नावाने अगदी खरी दिसते. सात दिवसांच्या सात प्रती ठेवा, एक प्रत दुकानाबाहेर.

आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर पीजी_रिस्टोअरने, चार जॉब लावून, ती फाइल उघडा. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. मग पावत्यांची एकूण संख्या आणि बॅकअपच्या आदल्या दिवसाची क्विंटलची बेरीज चालू डेटाबेसशी जुळवा. जुळली तरच पेन ड्राइव्हवरची जुनी फाइल पुसा.