'युलटाइड'मध्ये समुद्र कुठून आला?

प्रश्न असा आहे: "ख्रिसमसची लोकप्रिय गाणी ऐकत इंग्रजीतले सणाचे शब्द वहीत उतरवून घेते आहे. 'टाइड' म्हणजे भरती-ओहोटी एवढे ठाऊक होते, मग 'युलटाइड' म्हणजे काय? 'गॉड रेस्ट यू मेरी, जंटलमेन' यातले 'मेरी' कोणाला उद्देशून आहे? आणि 'डॉन' हे क्रियापद रोजच्या बोलण्यात चालेल का?"

तिन्ही प्रश्न छान आहेत, पण पहिल्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

'टाइड'चा समुद्राशी मुळात काही संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत 'टीड' म्हणजे वेळ, काळ, पर्व. जर्मनमध्ये वेळेला 'त्साइट' म्हणतात, तो याचाच भाऊबंद. समुद्राचे पाणी ठरल्या वेळी चढते आणि ठरल्या वेळी उतरते, म्हणून त्या वेळेचे नाव पुढे पाण्यालाच चिकटले. नंतर 'वेळ' या अर्थासाठी 'टाइम' पुरेसा झाला आणि 'टाइड'कडे एकटा समुद्र उरला. जुना अर्थ टिकला तो अशा जोडशब्दांच्या आडोशाला. 'युल' हे ऐन हिवाळ्यातल्या, ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या सणाचे नाव. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत नाताळाला आजही 'यूल'च म्हणतात. तेव्हा युलटाइड म्हणजे युलचा काळ, नाताळाचे दिवस. संध्याकाळसाठी कवितेत येणारा 'ईव्हनटाइड' याच घडणीचा.

'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन' या म्हणीचा अर्थ आपण 'काळ आणि भरती कुणासाठी थांबत नाही' असा पाठ करतो. पण तिथलाही 'टाइड' मुळात वेळच. एकाच अर्थाचे दोन शब्द अनुप्रासासाठी शेजारी बसवलेले आहेत.

आता गंमत बघा. आपला 'वेळ' संस्कृत 'वेला'वरून आला, आणि संस्कृत कोशात 'वेला'चे अर्थ काढले तर सीमा, काळ, समुद्रकिनारा आणि चक्क भरतीही सापडते! 'टाइड' आणि 'वेला' यांचे एकमेकांशी नाते नाही. वाटाही वेगळ्या. इंग्रजी शब्द काळाकडून समुद्राकडे गेला. संस्कृत शब्द सीमेपाशी उभा राहून दोन्हीकडे वळला: समुद्राची सीमा तो किनारा, काळाची सीमा ती वेळ. तरी दोघे जाऊन पोचले एकाच ठिकाणी. म्हणून 'युलटाइड'पुढे 'नाताळवेळ' असे लिहून ठेवलेत तर मी हरकत घेणार नाही.

याच घरातले आणखी दोन शब्द वहीत जोडून घ्या. 'टायडिंग्ज' म्हणजे वार्ता. घडणे या अर्थाचे एक जुने क्रियापद 'टाइड'च्याच कुळातले, त्यावरून घडलेले ते टायडिंग्ज. आणि 'टायडी', म्हणजे आजचा नीटनेटका, तो मुळात 'वेळच्या वेळी केलेला' असा होता. ज्याचे काम वेळेवर, त्याचे घर आवरलेले, असा काहीसा हिशेब असावा.

टायडिंग्ज येतात तुमच्या दुसऱ्या प्रश्नातल्याच गाण्यात, 'कम्फर्ट अँड जॉय'च्या म्हणजे दिलाशाच्या आणि आनंदाच्या वार्ता. त्या गाण्यात सगळी मेख स्वल्पविरामात आहे. तो 'मेरी'च्या आधी टाकून बरेच जण 'आनंदी सद्गृहस्थांनो, देव तुम्हाला विश्रांती देवो' असा अर्थ लावतात. स्वल्पविराम 'मेरी'च्या नंतर आहे. इथे 'रेस्ट' म्हणजे विश्रांती नव्हे, एखाद्या स्थितीत ठेवणे, राखणे. 'देव तुम्हाला आनंदात राखो, मंडळी', एवढेच म्हणायचे आहे. हा त्या काळचा सरळ निरोपाचा वाक्प्रचार होता. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' नाटकात विल्यम हा साधा गावकरी जाताना 'गॉड रेस्ट यू मेरी, सर' म्हणतो, तिथे मंडळी नाहीतच.

तुम्ही 'यू' लिहिलेत ते बरोबर. पुष्कळ ठिकाणी 'ये' छापलेले दिसेल, पण जुन्या व्याकरणात 'ये' कर्त्यासाठी आणि 'यू' कर्मासाठी. इथे 'तुम्हाला' हवे, 'तुम्ही' नको. जुनेपणाचा वास यावा म्हणून मागाहून कोणीतरी 'ये' घुसडला आणि नेमका चुकला.

'मेरी' आज ख्रिसमसखेरीज फारसा कोणाच्या वाट्याला येत नाही. वाढदिवस 'हॅपी', नवे वर्ष 'हॅपी'. ब्रिटनमध्ये 'हॅपी ख्रिसमस'ही सर्रास ऐकू येते. तिथे 'ही इज अ बिट मेरी' म्हटले तर स्वारीने थोडी घेतलेली आहे असा अर्थ होतो, तेव्हा माणसाबद्दल हे विशेषण जपून वापरा.

'डॉन'कडे वळू. हा 'डू' आणि 'ऑन' यांचा संधी, आणि 'डू' व 'ऑफ' मिळून 'डॉफ', म्हणजे उतरवणे. 'वेअर' किंवा 'पुट ऑन' म्हणजे आपले घालणे, तर 'डॉन' म्हणजे लेणे. 'मी आज निळा शर्ट ल्यालो' असे कोणी सांगितले तर आपण त्याच्याकडे जसे पाहू, तसेच 'आय डॉन्ड अ ब्लू शर्ट' म्हणणाऱ्याकडे पाहतील. लिखाणात, विशेषतः बातम्यांत, तो चालतो. दवाखान्यात संरक्षक पोशाख चढवण्या-उतरवण्याच्या सूचनांत तर 'डॉनिंग' आणि 'डॉफिंग' ही जोडी अगदी अधिकृत आहे.

तुम्हाला तो भेटला असणार 'डेक द हॉल्स'मध्ये. चाल वेल्समधली, नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या गाण्याची. इंग्रजी शब्द थॉमस ऑलिफंट यांचे, 1862 सालचे. नटूनथटून पोशाख लेण्याची ओळ मात्र त्यांची नव्हे. त्यांच्या ओळीत मधाच्या मद्याचा पेला भरून पिंप रिकामे करायचे होते. 1877च्या अमेरिकी शालेय आवृत्तीत पिंप गेले आणि पोशाख आला. म्हणजे गाण्यातली सर्वांत पुरातन वाटणारी ओळ नंतरची आहे, आणि शाळेतल्या पोरांसाठी सोज्वळ केलेली!

त्याच गाण्यातला 'डेक' म्हणजे सजवणे. मूळ डच शब्दाचा अर्थ झाकणे, आच्छादणे. जहाजाचा डेकही तोच. मराठीत 'मढवणे' तंतोतंत बसतो, त्यातही झाकणे आणि सजवणे एकत्र आहे. आणि तिथला 'ट्रोल' पाहून दचकू नका. तो मोकळ्या गळ्याने गाण्याला म्हणतात. या अर्थाने आज कोणी वापरत नाही, वापरूही नये.

बोलण्यात चालणारे शब्द हवे असतील तर विसाव्या शतकातली गाणी घ्या. 1949च्या 'रुडॉल्फ'मधला 'रेड-नोज्ड' एवढा एक शब्द कळला तर दहा शब्द हाताशी येतात. हा आपला बहुव्रीही समास आहे. लाल आहे नाक ज्याचे तो रेड-नोज्ड, जसा निळा आहे कंठ ज्याचा तो नीलकंठ. नामाला शेपटीसारखा 'एड' लावायचा: वन-आइड, लाँग-हेअर्ड, कोल्ड-ब्लडेड. हे क्रियापदाचे भूतकाळी रूप नाही, हे मनात पक्के करा. मराठी माणूस हमखास इथे अडखळतो.

उच्चारांचेही लगे हात सांगतो. 'ख्रिसमस'मधला टी जसा मुका, तसाच 'मिसलटो'च्या स्पेलिंगमधला पहिला टी. फांदीसाठी येणारा 'बाउ' हा 'काउ'शी यमक जुळवतो, स्पेलिंग काहीही म्हणो.

एका गाण्यात चुकीचे ऐकणेच रूढ झाले आहे. बारा दिवसांच्या भेटवस्तूंच्या गाण्यात चौथ्या दिवशी चार 'कॉलिंग बर्ड्‌स' येतात. 1780 साली लंडनमध्ये ते छापले गेले तेव्हा ते 'कॉली बर्ड्‌स' होते. कॉली म्हणजे कोळशासारखा काळा. तो शब्द लोकांना अनोळखी झाला, आणि 1909 साली फ्रेडरिक ऑस्टिन यांच्या आवृत्तीत 'कॉलिंग' आला. आता हाक मारणारे पक्षी म्हणजे कोणते, हे शोधत बसू नका. (सगळ्या भेटी मोजल्या तर 364 भरतात. मुलांना बेरीज करायला द्या, अंकांचे इंग्रजीही होऊन जाईल.)

'जिंगल बेल्स'ही वहीत असेलच. 'जिंगल'ला घंटांचे विशेषण समजू नका, पुढच्या 'जिंगल ऑल द वे'मध्ये ते उघड क्रियापद आहे: वाटभर किणकिणत राहा. स्ले, म्हणजे घोड्याने ओढायची बिनचाकी गाडी, बर्फावरून आवाज न करता धावते, म्हणून घोड्याला घंटा. 'बॉबटेल' म्हणजे शेपूट आखूड कापलेला घोडा. जेम्स पियरपाँट यांचे हे गाणे 1857 साली 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने छापले गेले. सणाच्या शब्दांत ते धरायचे की नाही ते तुम्ही ठरवा, कारण अख्ख्या गाण्यात ख्रिसमस हा शब्द एकदाही येत नाही.