विजयाची आशा नसलेली उमेदवारी आणि फ्रेंच भाषकांचे हक्क

प्रश्न : कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात विद्यार्थी चळवळीतून आलेला एखादा तरुण फ्रेंच भाषक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी निवडणुकीला उभा राहतो, तेव्हा तो निवडून येणार नाही हे त्याच्या प्रचारकांनाही ठाऊक असते. मग अशा उमेदवारीला अर्थ काय? मते फुटून विरोधकांचेच फावत नाही का?

उत्तर : मतफुटीची आपली शंका रास्त आहे आणि तिला उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. न्यू ब्रन्सविकमधील फ्रेंच भाषक प्रामुख्याने अकेडियन आहेत. १७५५ पासून ब्रिटिशांनी ज्यांना गावेच्या गावे रिकामी करून हद्दपार केले, त्यांचे हे वंशज आज प्रांताच्या लोकसंख्येत जवळपास एकतृतीयांश आहेत. याच प्रांतातील माँक्टन शहरात फ्रेंच माध्यमाचे माँक्टन विद्यापीठ १९६३ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, तेथील विद्यार्थी शहराच्या कारभारात फ्रेंचलाही स्थान मिळावे ही मागणी घेऊन मोर्चाने महापालिकेवर गेले. महापौर लिओनार्ड जोन्स यांनी त्यांची दखल घेतली नाहीच, उलट त्यांना अपमानास्पद वागणूक दिली. त्या संतापात विद्यार्थ्यांनी डुकराचे एक मुंडके महापौरांच्या घरी पोचते केले. या कृत्याचे समर्थन मी करणार नाही, परंतु विनंत्या संपल्या की तरुण कोठवर जातात हे त्यातून दिसते. पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री लुई रोबिशो यांच्या सरकारने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्हींना राजभाषा मानणारा प्रांताचा राजभाषा कायदा संमत केला, मात्र त्याची सगळी कलमे लागू होईपर्यंत १९७७ साल उजाडले.

रस्त्यावरची ही अस्वस्थता मतपेटीपर्यंत नेण्यासाठी १९७२ मध्ये ‘पार्ती अकादियेन’ हा अकेडियन पक्ष निघाला. १९७४ च्या प्रांतिक निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही. त्याच वर्षीच्या संघीय निवडणुकीत मात्र जोन्स अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. द्वैभाषिकतेला असलेल्या त्यांच्या विरोधामुळे प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते रॉबर्ट स्टॅनफील्ड यांनी त्यांची उमेदवारी नाकारली होती, तरीही माँक्टनच्या मतदारांनी त्यांना राजधानी ओटावातील संसदेत पाठवले. एकट्या उमेदवाराचे बळ अल्पसंख्याकांच्या विरोधातही तितकेच चालते, हे विसरून चालणार नाही.

१९७८ च्या प्रांतिक निवडणुकीत अकेडियन पक्षाचा एक उमेदवार रेस्टिगूश-वेस्ट मतदारसंघात थोडक्या मतांनी पडला. त्या निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांना ३० आणि त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या लिबरल पक्षाला २८ जागा मिळाल्या. इतक्या अटीतटीच्या लढतीत परंपरेने लिबरलांकडे जाणारी अकेडियन मते तिसरीकडे वळली, तर फटका कोणाला बसणार हे उघड होते. तेव्हा मतफुटीचा धोका काल्पनिक नाही, हे मी मान्य करतो.

परंतु त्यानंतर काय घडले तेही पाहावे. ही मते कोणा एका पक्षाची मिरास नाहीत, हे प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे मुख्यमंत्री रिचर्ड हॅटफील्ड यांनी ओळखले. त्यांच्या सरकारने १९८१ मध्ये दोन्ही भाषक समाजांची समानता मान्य करणारा कायदा केला आणि १९८२ मध्ये अकेडियन भागांत मुसंडी मारून ते ३९ जागांसह परत आले. अकेडियन पक्ष त्याच निवडणुकीत कोसळला आणि पुढे काही वर्षांत विसर्जित झाला. या कायद्याचे सगळे श्रेय त्या पक्षाला देणे अतिशयोक्त होईल, कारण हॅटफील्ड स्वतःही द्वैभाषिकतेला अनुकूल होते आणि त्यांचे सहकारी जाँ-मॉरिस सिमार यांनी त्यासाठी बरीच मेहनत घेतली होती. तरीही एकही आमदार नसलेल्या पक्षाने दोन मोठ्या पक्षांना अकेडियन मतांसाठी एकमेकांशी स्पर्धा करायला लावले, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि १९९३ मध्ये त्या समानतेचे तत्त्व कॅनडाच्या राज्यघटनेत समाविष्ट झाले, याचे महत्त्व मला कोणत्याही एका जागेपेक्षा अधिक वाटते.

प्रश्न : त्यापेक्षा न्यायालयाचा मार्ग खात्रीचा नाही का?

उत्तर : घटनेत हक्क आधीच लिहिलेला असेल, तर निश्चितच आहे. जॉर्ज फॉरे या फ्रेंच भाषक नागरिकाला १९७६ मध्ये मॅनिटोबा प्रांतात वाहन उभे केल्याबद्दल दंडाची पावती मिळाली. ती केवळ इंग्रजीत असल्याने त्यांनी तिला आव्हान दिले आणि फ्रेंचचे स्थान काढून घेणारा १८९० चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये घटनाबाह्य ठरवला. ओटावातील मॉन्फोर हे फ्रेंच रुग्णालयही न्यायालयीन लढ्यामुळेच बंद होण्यापासून वाचले.

सॅस्कॅचेवानचा अनुभव मात्र वेगळा आहे. विधानसभेत आणि न्यायालयांत फ्रेंच वापरण्याविषयीची जुनी तरतूद तेथे अजून लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले, पण विधानसभा साध्या कायद्याने ती रद्द करू शकते, असेही त्याच निकालात नमूद केले. सॅस्कॅचेवान आणि अल्बर्टा या दोन्ही प्रांतांनी त्याच वर्षी ती रद्द केली. खटला जिंकूनही विधानसभेत आपला आवाज नसेल तर हाती काय राहते, हे त्या प्रांतांतील फ्रेंच भाषकांनी अनुभवले आहे. म्हणून मी या दोन मार्गांत निवड करायला सांगणार नाही.

प्रश्न : एखाद्या विद्यार्थ्याने उभे राहण्याचे ठरवलेच, तर त्याने कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : सर्वांत आधी कोणत्या सभागृहासाठी उभे राहायचे ते ठरवावे. शाळा, विद्यापीठे आणि रुग्णालये प्रांताच्या अखत्यारीत येतात. फ्रेंच परिचारिका मिळत नाही ही तक्रार संघीय निवडणुकीत मांडली, तर प्रतिस्पर्धी एका वाक्यात हात झटकून मोकळा होतो. संघीय सेवा आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या संघीय राजभाषा कायद्याची अंमलबजावणी हे विषय ओटावाचे आहेत.

संघीय निवडणुकीसाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते, बहुतेक मतदारसंघांत १०० मतदारांच्या सह्या लागतात आणि खर्चाचा हिशेब ठेवणारा अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. पूर्वी १००० डॉलर अनामत भरावी लागे, पण २०१७ मध्ये अल्बर्टातील न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. किमान १० टक्के मते मिळाली तर खर्चाचा काही भाग परत मिळतो. बहुतेक विद्यार्थी उमेदवार त्या आकड्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून उसने पैसे घेऊन प्रचार करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मागणी एकच आणि नेमकी असावी. ‘फ्रेंचचा सन्मान राखा’ या घोषणेला सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी अमुक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रात्रपाळीलाही फ्रेंच बोलणारा कर्मचारी असावा, असे म्हटले की प्रत्येक उमेदवाराला होय किंवा नाही म्हणावे लागते. ते उत्तर जाहीर सभेत, इंग्रजी भाषक मतदारांसमोर मागावे आणि लेखी घ्यावे. निकालानंतर निवडून आलेल्या प्रतिनिधीकडे तोच कागद घेऊन जाता येते.